पहिला सीझन बॉल

भात कापून झालं आणि मळे सुकले, की आमच्या कोकणात गावोगाव स्टंप उभे राहतात. कापणीनंतर राहिलेली भाताची खुंटं पोरं पायांनी तुडवून सपाट करतात आणि मधल्या पट्टीवर पाणी मारून पिच बनवतात. शाळेच्या वह्यांना हात लागत नाही, पण टूर्नामेंटची फी वेळेवर भरली जाते. आम्ही हे वीस वर्षं बघत आलो आहोत. आमच्या लहानपणीही हेच होतं, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर नववीतल्या एका मुलाची अम्मी गेटपाशी उभी होती. हातात बुटांचं खोकं. म्हणाली, "सर, ह्याच्या मामूंनी कुवेतहून बूट पाठवलेत. फास्ट बॉलर व्हायचंय म्हणतो. दोन दिवस घालून खेळला आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून घरी आला. ह्याचे अब्बा म्हणतात, बंद कर हे सगळं. आता तुम्हीच सांगा, खेळू द्यायचं की नाही?"

आम्ही खोकं उघडलं. पांढरेशुभ्र बूट, तळाला लोखंडी खिळे. नंबर नऊ. मुलाच्या पायाला सात लागतो. मामूंनी प्रेमानं पाठवले होते, "वाढता पाय आहे, पुढच्या वर्षीही चालतील" असा हिशोब करून. ईदच्या कपड्यांना आपण हाच हिशोब लावतो. बॉलिंगच्या बुटांना तो लावता येत नाही.

उत्तर आम्ही लगेच दिलं नाही. एक जुनी गोष्ट आठवली, ती आधी सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्याकडे शाळेच्या टीमची जबाबदारी नवीनच आली होती. दहावीत एक मुलगा होता, उंच, सडपातळ, हात सरळ वरून यायचा. तालुक्यात त्याचा बॉल कोणाला दिसत नसे. आम्हाला वाटलं, ह्या वर्षी जिल्ह्याला जायचंच. सकाळी शाळेआधी नेट, दुपारी मॅच, आणि संध्याकाळी तो गावच्या टीमकडून टेनिस बॉलवर खेळायचा, हे आम्हाला ठाऊक होतं. एक दिवस म्हणाला, "सर, कमरेत डाव्या बाजूला दुखतंय." आम्ही बाम चोळला, पट्टा बांधला आणि बॉल हातात दिला. मॅच जिंकली. पुढच्या आठवड्यात त्याला वाकून बूटही बांधता येईना. शहरात नेऊन तपासणी केली तेव्हा कळलं, पाठीच्या खालच्या मणक्याच्या हाडाला बारीक चीर पडली होती. कित्येक महिने खेळ बंद. त्याच्या अब्बांनी आम्हाला एक शब्द बोलला नाही. त्यांनी काही बोललं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून ह्या वेळचं पान कमरेपासून सुरू करतो आहोत. बॉल कसा धरायचा ते नंतर.

फास्ट बॉलर धावत येऊन पुढचा पाय आपटतो, तेव्हा त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार क्षणभरासाठी येतो. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली असते, एका बाजूला झुकलेली असते आणि वळतही असते. मोठ्या माणसाचं हाड पक्कं झालेलं असतं, चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचं अजून घडत असतं. उंची भराभर वाढत असते त्या वर्षांत तर जास्तच जपावं लागतं. आणि नेमकी ह्याच वयात पोरांना वेगाची धुंदी चढते.

दुखणं ओळखायचं कसं? उजव्या हातानं बॉलिंग करणाऱ्याला कमरेच्या खाली डाव्या बाजूला, डावखुऱ्याला बहुधा उजव्या बाजूला. मागे वाकलं की वाढतं, विश्रांती घेतली की कमी होतं, पुन्हा बॉलिंग केली की परत येतं. दोन्ही बाजूंना सारखं अंग दुखणं वेगळं, ते एक-दोन दिवसांत जातं. एकाच बाजूला, एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर बाम नको, मालिश नको, हाडांचे डॉक्टर. आणि मुलानं सांगितलं की ऐकायचं. "बहाणा करतोय" असं म्हणणारे आम्हीच होतो एकदा.

आता किती बॉल टाकायचे. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं फास्ट बॉलिंग करणाऱ्या मुलांसाठी बरीच वर्षं एक हिशोब ठरवून दिला होता. तेरा वर्षांपर्यंत एका दमात ५ ओव्हर आणि दिवसात १०. चौदा-पंधरा वर्षांना एका दमात ६, दिवसात १२. सोळा-सतरा वर्षांना ७ आणि १८. आठवड्यात चार दिवसांपेक्षा जास्त बॉलिंग नाही आणि लागोपाठ दोन दिवसांच्या वर नाही. आमच्याकडे कोणी असा हिशोब ठेवत नाही, कारण मॅच शाळेची, नेट क्लबचं आणि संध्याकाळचा खेळ मोहल्ल्याचा. तीन ठिकाणचे तीन कॅप्टन, प्रत्येकाला वाटतं पोरगा आज ताजा आहे. हिशोब एकाच ठिकाणी राहू शकतो, तो म्हणजे घरी. ह्या अम्मींना आम्ही सांगितलं, स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे ना, दूधवाल्याचा हिशोब लिहिता ना, त्याच चौकोनात रोज किती ओव्हर टाकल्या ते लिहा. नेटमधले बॉलही धरायचे. टेनिस बॉलचेही धरायचे, कारण बॉल हलका असला तरी पाय तेवढ्याच जोरानं आपटतो.

पुढची गोष्ट अ‍ॅक्शनची. इथे अम्मी-अब्बांना क्रिकेट कळायची गरज नाही, मोबाइल पुरे. मुलगा बॉल टाकत असताना एकदा पाठीमागून आणि एकदा बाजूनं स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. उडी मारून मागचा पाय जमिनीवर टेकतो त्या क्षणी व्हिडिओ थांबवा. खांदे आणि कंबर कुठे बघताहेत ते पाहा. दोन्ही बॅट्समनकडे तोंड करून असतील तर ठीक. दोन्ही आडवी, बाजूला वळलेली असतील तरीही ठीक. ही दोन्ही पद्धतींची बॉलिंग जगात मोठमोठ्यांनी केली आहे. पण कंबर बॅट्समनकडे आणि खांदे आडवे, असं असेल तर धड मधूनच पिळलं जातंय. कपडे पिळतो तसं. कमरेचं दुखणं बहुतेक वेळा ह्या अ‍ॅक्शनमधून येतं. नववीतल्या ह्या पोराचं असंच निघालं. त्यानं बुमराहला पाहून हात तसा आणायचा प्रयत्न चालवला होता. बुमराहची अ‍ॅक्शन बुमराहच्या शरीराची आहे. त्याचे व्हिडिओ बघून उचलण्यासारखं दुसरंच काही आहे, ते पुढे येईल.

मुलाला आम्ही पंधरा दिवस पूर्ण विश्रांती दिली. दुखणं गेलं, नशीब. त्यानंतर धावण बंद करून उभ्यानं बॉल टाकायला लावलं. मग तीन पावलं. मग सहा. मागचा पाय थोडा वेगळ्या कोनात ठेवला की खांदे आणि कंबर एका ओळीत येतात, एवढंच काम होतं. पण सवय मोडायला महिना लागला. ह्या महिनाभरात वेग कमी झाला म्हणून तो रडकुंडीला आला होता. आम्ही त्याला झहीर खानचं सांगितलं. श्रीरामपूरचा मुलगा, मुंबईत आला, भारताकडून खेळला, मधे टीमबाहेर गेला. २००६ साली तो इंग्लंडमध्ये वुस्टरशर काउंटीकडून खेळला तेव्हा त्यानं आपली धावण आखूड केली होती. वेगापेक्षा ताबा धरला. त्या एका मोसमात काउंटी चॅम्पियनशिपमध्ये ७८ बळी घेतले. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये सर्वांत जास्त, २१ बळी, त्याचे आणि शाहिद आफ्रिदीचे बरोबरीनं होते. पोरानं विचारलं, "सर, मग ती धावण किती पावलांची?" पावलं मोजण्यात त्याचं लक्ष गेलं, हे चांगलं झालं.

धावण मोजायची सोपी रीत आहे. क्रीजवर पाठ करून उभं राहायचं आणि स्टंपांपासून दूर, उलट दिशेला, डोळे समोर ठेवून सहज धावत जाऊन बॉल टाकायचा. दोस्तानं बाजूला उभं राहून उडी जिथे पडली तिथे चुना किंवा चप्पल ठेवायची. दहा वेळा केलं की सात-आठ खुणा जवळजवळ एकाच जागी पडतात. ती तुमची धावण. पावलांनी मोजून लक्षात ठेवायची. टीव्हीवरच्या बॉलरची वीस पावलं उचलून आणली की क्रीजपाशी पाय गडबडतो, नो-बॉल पडतो, मग पोरगं शेवटच्या दोन पावलांत आखडतं आणि बॉल लेग साइडला जातो. आमच्या शाळेतले निम्मे वाइड बॉल धावणीत पडतात, हातात नाही.

आता बॉल. बहुतेक मुलांची सुरुवात टेनिस बॉलवर होते आणि त्यात काही वाईट नाही. हैदराबादचा मोहम्मद सिराज बराच काळ टेनिस बॉलवरच खेळला. पण साधा टेनिस बॉल ५६ ते ५९ ग्रॅमचा, आणि मोठ्यांचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. जवळजवळ तिप्पट. टेनिस बॉलवर जोर लावून हात झटकायची सवय लागलेली असते, तोच झटका एकदम सीझन बॉलला दिला की खांदा आणि कोपर बोलायला लागतात. म्हणून मधली पायरी घ्यावी. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी लहान बॉल मिळतो, १३३ ते १४४ ग्रॅमचा, आकारानंही छोटा. मुलींचा आणि बायकांचा बॉल १४० ते १५१ ग्रॅमचा. दुकानदार बऱ्याचदा सगळ्यांना एकच मोठा बॉल देतो, "वाढतं वय आहे" म्हणून. पुन्हा तोच हिशोब! लहान हातात मोठा बॉल दिला की तो बोटांनी धरता येत नाही, तळव्यात जातो, आणि सगळी बॉलिंग तिथेच बिघडते.

विकत घेताना शिलाई बघा. सीझन बॉलच्या मधोमध दोऱ्याच्या सहा ओळी असतात. बोट फिरवलं की त्या सारख्या उंचीच्या लागल्या पाहिजेत. दुकानाच्या काचेवर बॉल हळूच घरंगळवा, डगमगत गेला तर ठेवून द्या. स्वस्त बॉल चामड्याच्या दोन तुकड्यांचा असतो, महागडा चार तुकड्यांचा. शिकणाऱ्याला दोन तुकड्यांचा पुरतो. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे कातळावर सिमेंट आणि सिमेंटवर काथ्याची मॅट आहे, तिथे चांगला बॉल दोन दिवसांत खरवडून निघतो. मेरठचा हातशिलाईचा बॉल मॅचला ठेवा. सरावाला जुना चालेल, फक्त शिलाई उसवलेली नको. बॉल भिजला तर चुलीपाशी किंवा उन्हात सुकवू नये, चामडं तडकतं. पुसून सावलीत ठेवावा. आणि थुंकी लावून चमक आणायची सवय पोरांना लावू नका. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कोरोनाच्या काळात ती बंद झाली आणि २०२२ पासून कायमची बंद आहे. घाम चालतो. अम्मींना तर हे ऐकून फारच बरं वाटलं. इतकी वर्षं त्या हेच सांगत होत्या, म्हणाल्या.

धरायचा कसा? शिलाई उभी. पहिलं आणि मधलं बोट शिलाईच्या दोन बाजूंना, थोडं अंतर ठेवून. अंगठा खाली, शिलाईवर टेकलेला. तळवा आणि बॉल ह्यांच्यात थोडी फट. सुटताना मनगट बॉलच्या मागे. बॉल हवेत जाताना शिलाई डगमगत असेल तर मनगट वाकडं जातंय. हे घरात, पलंगावर बसून, बॉल हलकेच वर उडवून झेलतानाही दिसतं. एका बाजूला रंग दिलेला बॉल असला तर आणखी स्पष्ट दिसतं. आम्ही जुन्या बॉलला नेलपॉलिश लावलं होतं, ते कोणाच्या आपाचं होतं ते सांगत नाही.

कोपराबद्दल घरात फार घबराट असते. कोणीतरी म्हणतं, "ह्याचा हात वाकतोय, हा फेकतोय." हात मुळात थोडा वाकलेला असणं हा गुन्हा नाही. वाकलेला हात बॉल सुटेपर्यंत किती सरळ होतो ते बघतात, आणि आंतरराष्ट्रीय नियमात त्याला १५ अंशांपर्यंत सूट आहे. डोळ्यांना एवढं मोजता येत नाही. पण धड पुढे जाऊन हात मागे राहात असेल आणि मग पोरगं जोरासाठी कोपर झटकत असेल, तर ते लहानपणीच सुधारावं. उपाय तोच, धावण आखूड करा, वेग कमी करा.

बुमराहचं राहिलं. त्यानं स्वतः सांगितलेली गोष्ट आहे. लहानपणी दुपारी घरात बॉल टाकायचा, आवाजानं आईची झोप मोडायची. आईनं अट घातली, आवाज नको. मग त्याला सापडलं, की भिंत आणि फरशी मिळतात त्या कोपऱ्यातल्या पट्टीवर बॉल आपटला की आवाज कमी होतो. तिथेच मारायला लागला. ती लांबी म्हणजे यॉर्करची. उचलायचं असेल तर हे उचला. एका जागेवर शंभर वेळा बॉल पाडणं. आमच्या नेटमध्ये आम्ही मॅटवर एक वहीएवढा पुठ्ठा ठेवतो, बॅट्समनच्या स्टंपांपासून साधारण सहा-सात मीटरवर. चोवीस बॉलांपैकी पुठ्ठ्यावर किती पडले ते मुलगा स्वतः लिहितो. पहिल्या दिवशी ह्या पोराचे दोन पडले. आता नऊ-दहा पडतात. बॅट्समन उभा केला की पुन्हा पाच. ते चालायचंच. हिवाळ्यात असर ते मगरिब मैदान मिळतं, त्यात चोवीस बॉल आणि थोडी फील्डिंग पुष्कळ झाली.

मुलींबद्दल एक वेगळं लिहायचं होतं, पण पान संपत आलं म्हणून थोडक्यात. आठवीतली एक मुलगी ऑफ स्पिन शिकते आहे. घरून परवानगी आहे, फक्त आजीला काळजी, "स्कार्फ सांभाळून खेळता येतं का?" येतं. टोकं मोकळी सोडायची नाहीत, कुर्त्याच्या आत घालून वरून बसवायची, टाचणी लावायची नाही. टाचणी पडण्याच्या वेळी टोचते. ताणला जाणारा, शिवलेला स्कार्फ उत्तम. खाली ट्रॅक पॅन्ट. तिच्या हातात आम्ही १४० ग्रॅमचा बॉल दिला आणि पहिल्याच दिवशी तो वळायला लागला. आधी ती भावाचा मोठा बॉल वापरत होती आणि सगळे म्हणत होते, हिच्या बोटांत जोर नाही.

राहिले बूट. लोखंडी खिळे फक्त माती-गवताच्या विकेटवर. सिमेंटवरच्या मॅटवर ते घसरतात आणि मॅट फाडतात ते वेगळंच. आपल्याकडे बारीक रबरी दाण्यांच्या तळाचे बूट हवेत. जाड, मऊ, उंच टाचेचे पळायचे बूट बॉलिंगला घेऊ नका, पाय आपटल्यावर घोटा बाजूला वळतो. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरानं पाय किंचित फुगलेला असतो. खेळताना घालता तेच जाड मोजे घालून बघा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा, मागे टाच अजिबात उचलता कामा नये. दोन नंबर मोठ्या बुटात पाय पुढे सरकतो, बोटांची नखं काळी पडतात आणि आपटताना शरीर सावरायला कंबर पिळली जाते. ह्या पोराच्या दुखण्यात बुटांचा वाटा किती आणि अ‍ॅक्शनचा किती, आम्ही सांगू शकत नाही. दोन्ही एकाच आठवड्यात आली.

त्याच्या अब्बांना आम्ही घरी जाऊन भेटलो. जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट त्यांना सांगितली, आमच्या चुकीसकट. त्यांनी चहा होईपर्यंत काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "कॅलेंडरवर मी लिहीन. हिला ओव्हर किती बॉलांची ते ठाऊक नाही." अम्मींनी आतून सांगितलं, "सहा."

मामूंना मात्र बूट परत घ्या कसं सांगायचं, हा प्रश्न होता. तो मुलानंच सोडवला. फरशीवर कागद ठेवून त्यावर पाय टेकवला, पेन्सिलीनं आखला, टाचेपासून अंगठ्यापर्यंत पट्टीनं मोजलं, फोटो काढला आणि पाठवला. खाली लिहिलं, "मामू, खिळे नको, रबरचे. नऊ नंबर भाईजानला दिले, त्याला बसतात."

भाईजान बॅट्समन आहे. तो ते बूट घालून बाजारात फिरतो, असं कळलं, म्हणून खिळे काढून घ्यायला सांगितलं आहे.